कवटीचा प्रामाणिकपणा

१ ऑक्टोबर २००७ रोजी 'फोल्या दे साओ पाउलो' या ब्राझीलच्या मोठ्या दैनिकात लुसियानो हुक या लोकप्रिय दूरचित्रवाणी सूत्रसंचालकाचा लेख छापून आला. साओ पाउलोच्या रस्त्यावर त्याचे रोलेक्स घड्याळ लुटले गेले होते. लेखात त्याने आपला संताप मांडला, सरकारला जाब विचारला आणि नासिमेंतो नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला बोलवा अशी मागणी केली. असा अधिकारी पोलीस दलात नव्हता. तो एका चित्रपटातला होता आणि तो चित्रपट तोवर रीतसर प्रदर्शितही झाला नव्हता.

तरीही वाचकांना नासिमेंतो कोण हे सांगावे लागले नाही. 'त्रोपा दे एलीते', म्हणजे 'निवडक तुकडी', या चित्रपटाची प्रत ऑगस्टमध्येच फुटली होती. रिओ दि जानेरोच्या पदपथांवर तिच्या चोरट्या डीव्हीडी भाजीसारख्या विकल्या जात होत्या. एक कोटीहून अधिक लोकांनी चित्रपट असाच पाहिला, असा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. ऑक्टोबरमध्ये तो चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्यातले संवाद शाळकरी मुलांच्याही तोंडी बसलेले होते.

चारच महिन्यांनी, फेब्रुवारी २००८ मध्ये, बर्लिनच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च मान, म्हणजे 'सुवर्ण अस्वल', मिळाला. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष कोस्टा-गाव्रास होते. हुकूमशाही राजवटींवर बोट ठेवणारे चित्रपट काढण्यात त्यांची हयात गेली. त्याच महोत्सवात काही समीक्षकांनी या चित्रपटावर फॅसिस्ट असल्याचा शिक्का मारला होता. मायदेशात तर पोलिसांनीच त्याचे प्रदर्शन थांबवावे म्हणून न्यायालयात धाव घेतली होती. पोलिसांना बदनामी वाटली, डाव्यांना पोलिसांची भलामण वाटली आणि घड्याळ गेलेल्या माणसाला तोडगा सापडला. एकाच चित्रपटातून इतके वेगळे अर्थ कसे निघाले, हे समजायला आधी त्याच्या पाठीमागचे शहर पाहावे लागते.

रिओच्या डोंगरउतारांवर ज्या दाट, बिनपरवाना वस्त्या वाढल्या त्यांना फावेला म्हणतात. खाली समुद्राकाठी श्रीमंतांच्या इमारती आणि वर, चालत दहा मिनिटांवर, विटांची उघडी घरे, अशी या शहराची ठेवण आहे. १९८०च्या दशकात कोकेनचा व्यापार या वस्त्यांमध्ये रुजला. त्याआधी, लष्करी राजवटीच्या काळात, इल्या ग्रांदे बेटावरच्या तुरुंगात 'कोमांदो व्हर्मेल्यो', म्हणजे लाल फौज, ही कैद्यांची टोळी जन्माला आली होती. तिच्या आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातात पैसा आला आणि पैशांमागोमाग युद्धात वापरतात तशा रायफली आल्या.

सरकारच्या बाजूला पोलीस दोन तुकड्यांत विभागलेले आहेत. १९८८च्या राज्यघटनेने ही विभागणी कायम ठेवली. गणवेशात गस्त घालणाऱ्या दलाला लष्करी पोलीस म्हणतात. ते सैन्याचा भाग नसते, राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असते, पण त्याची शिस्त, हुद्दे आणि मनाची घडण बराकीतली आहे. गुन्ह्याचा तपास मात्र नागरी पोलीस नावाचे दुसरे दल करते. गुन्हेगाराला समोरासमोर भिडणारा तपास करत नाही आणि तपास करणारा रस्त्यावर नसतो.

लष्करी पोलिसांतलीच एक छोटी तुकडी म्हणजे 'बोपे', विशेष पोलीस कारवाई बटालियन. तिचे मूळ १९७८ साली ओलीस सोडवण्यासाठी उभारलेल्या पथकात आहे आणि आजचे नाव तिला १९९१ साली मिळाले. काळा गणवेश आणि कवटीत वरून खुपसलेला खंजीर, मागे दोन पिस्तुले, असे तिचे बोधचिन्ह. तिच्या चिलखती गाडीला रिओचे लोक 'काव्हेरांव', म्हणजे थोरली कवटी, म्हणतात. नागरिकांच्या रक्षणासाठी असलेल्या दलाने हे चिन्ह छातीवर लावावे, यातच पुष्कळसे सांगून झाले आहे.

दिग्दर्शक जोझे पादिल्या या विषयाकडे उलट्या बाजूने आला. १२ जून २००० रोजी रिओत एका तरुणाने १७४ क्रमांकाची बस ओलीस धरली आणि तो प्रसंग तासन्तास थेट प्रक्षेपित झाला. शेवटी तो तरुण एका ओलीस बाईला धरून खाली उतरला. 'बोपे'च्या जवानाने त्याच्यावर झाडलेली गोळी चुकली. त्या गोंधळात बाई मेली आणि त्या तरुणाला पोलिसांनी गाडीत कोंबून, श्वास कोंडून मारले. खटला चालला, पोलीस निर्दोष सुटले.

पादिल्याने २००२ साली या घटनेवर 'ओनिबुस १७४' हा माहितीपट काढला. त्याने शोध घेतला तो त्या तरुणाच्या भूतकाळाचा. १९९३ साली रिओच्या कांदेलारिया चर्चसमोर झोपलेल्या मुलांवर गोळीबार होऊन आठ जण मारले गेले होते. हा तरुण त्यातून वाचलेल्या मुलांपैकी एक होता. राज्याने आधी मुलाला रस्त्यावर टाकले, मग त्याच्या मित्रांना मारले आणि अखेर त्यालाही, असा तो आलेख होता. माहितीपटाची सहानुभूती कुठे आहे हे कोणालाही कळत होते.

मग उरली दुसरी बाजू. ज्या जवानाने गोळी झाडली तो कसा घडतो, हे पादिल्याला पाहायचे होते, पण छळ आणि लाचखोरीबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलणारे पोलीस मिळणे अवघडच. मदतीला आला 'बोपे'चा माजी कॅप्टन रॉड्रिगो पिमेंतेल. तो, त्याचा पोलीस सहकारी आंद्रे बातिस्ता आणि मानववंशशास्त्रज्ञ लुईझ एदुआर्दो सोआरेस या तिघांनी २००६ साली 'एलीते दा त्रोपा' हे पुस्तक लिहिले. सोआरेस यांनी रिओच्या सुरक्षा खात्यात अधिकारपद सांभाळले होते आणि पोलिसांतल्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलल्यावर त्यांना ते सोडावे लागले होते. पटकथा पादिल्या, पिमेंतेल आणि 'सिटी ऑफ गॉड'चा पटकथाकार ब्राउलिओ मांतोव्हानी यांनी मिळून लिहिली.

कथा १९९७ सालची आहे. पोप जॉन पॉल दुसरे रिओला येणार आहेत आणि त्यांचा मुक्काम एका फावेलाच्या जवळ आहे. पोपच्या झोपेत गोळ्यांचा आवाज येऊ नये म्हणून ती वस्ती आधी साफ करा, असा 'बोपे'ला हुकूम मिळतो. कॅप्टन नासिमेंतोची बायको गरोदर आहे, त्याला स्वतःला भीतीचे झटके येऊ लागले आहेत आणि आपल्या जागी योग्य माणूस बसवून त्याला या कामातून सुटायचे आहे. दोन तरुण अधिकारी त्याच्या डोळ्यांसमोर येतात. नेतो तापट आहे. मातियास हुशार आणि कृष्णवर्णीय आहे, तो चांगल्या विद्यापीठात कायदा शिकतो आणि तिथे आपण पोलीस असल्याचे लपवतो.

चित्रपटाचा पहिला अर्धा भाग एखाद्या कार्यालयाच्या लेखापरीक्षणासारखा चालतो आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत भक्कम भाग आहे. नेतोला पोलिसांच्या गाड्या दुरुस्त करण्याचे खाते मिळते आणि सुटे भाग गोदामातून केव्हाच पळवले गेल्याचे त्याला दिसते. मातियास तक्रारींचे कागद लावून गुन्ह्यांचा नकाशा काढू पाहतो, तर वरिष्ठांना नेमके तेच नको असते. एका बटालियनच्या हद्दीत सापडलेले प्रेत रात्रीतून शेजारच्या हद्दीत नेऊन टाकले जाते, कारण महिन्याच्या आकडेवारीत ते आपल्या नावावर पडू नये.

या व्यवहाराचा कणा म्हणजे 'आहेगो', टोळीवाल्यांकडून पोलिसांना ठरल्या दिवशी पोहोचणारा हप्ता. दोघे तरुण एकदा वरिष्ठांच्या माणसांच्या आधी जाऊन ही रक्कम उचलतात आणि त्या पैशांतून सरकारी गाड्यांचे भाग विकत घेतात. प्रसंग गमतीचा आहे, पण त्यातली अडचण खरी आहे. या दलात प्रामाणिकपणे काम करायचे तर आधी चोरी करावी लागते. नासिमेंतोच्या मते रिओच्या पोलिसापुढे तीनच वाटा असतात: भ्रष्ट व्हायचे, डोळे मिटून बसायचे किंवा युद्धाला उभे राहायचे. न्यायालय, तपास, साक्षीपुरावा ही चौथी वाट त्याच्या यादीतच नाही.

युद्ध म्हणजे काय, हे एका प्रसंगातून कळते. फावेलाच्या तोंडाशी टोळीने टेहळणीला ठेवलेली मुले असतात आणि पोलीस दिसले की फटाके उडवून वर इशारा देणे हे त्यांचे काम. 'बोपे'चे जवान अशाच एका पोराला पकडतात, त्याच्याकडून माल कोण नेतो ते वदवून घेतात आणि सोडून देतात. टोळीला कळते की हा बोलला. काही दिवसांनी त्याची आई पोलिसांच्या दारात येते. मुलगा मेला हे तिला ठाऊक आहे. तिला फक्त प्रेत हवे आहे, पुरायला. नासिमेंतोकडे उत्तर नसते आणि ही बाई त्याच्या डोक्यातून जात नाही. बाप होऊ घातलेला हा माणूस हात थरथरायला लागल्यावर गोळ्या घेतो आणि पुन्हा कामावर जातो.

नासिमेंतोला वाईट वाटते, हे चित्रपट दाखवतो. वाईट वाटण्याने त्याच्या वागण्यात काही फरक पडत नाही, हेही दाखवतो. याच माणसाच्या हुकुमावरून पुढे संशयितांच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट आवळली जाते, श्वास सुटण्याच्या बेताला काढली जाते आणि पुन्हा घातली जाते. पाहणाऱ्याला आई आठवते आणि पिशवीही दिसते. यातली एक गोष्ट निवडून दुसरी विसरण्याची सोय चित्रपट देत नाही. निदान इथवर तरी.

दुसरा प्रसंग अधिक वादाचा. मातियासच्या वर्गात फ्रेंच विचारवंत फूकोच्या 'शिस्त आणि शिक्षा' या ग्रंथावर चर्चा चालते. सुस्थितीतली मुले पोलीस किती क्रूर असतात यावर बोलतात. त्यातलीच काही जण फावेलात समाजसेवी संस्था चालवतात, तिथल्या बायानो या टोळीप्रमुखाच्या मर्जीने. तिथून आणलेला गांजा विद्यापीठात विकलाही जातो. एका छाप्यात नासिमेंतोच्या हाती असाच एक विद्यार्थी लागतो. तो त्याचे तोंड नुकत्याच मेलेल्या माणसाच्या जखमेपाशी दाबतो आणि विचारतो, याला कोणी मारले? तुमच्यातल्याच कोणीतरी, असे मुलगा म्हणतो. नासिमेंतो त्याला थोबाडीत मारून सांगतो की मारणारा तू आहेस, कारण या धंद्याला पैसा तू पुरवतोस.

चित्रपटगृहांत टाळ्या पडल्या त्या अशा ठिकाणी. युक्तिवादात तथ्य आहे. मागणी नसती तर रायफली विकत घ्यायला पैसा आला नसता आणि ग्राहक प्रामुख्याने डोंगराखाली राहतात. पण साखळी तिथे सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. याच चित्रपटाने आधी दाखवलेला हप्ता, वरिष्ठांचे डोळेझाक करणे, बंदीमुळे वाढलेली मालाची किंमत, हे सगळे दुवे त्या एका थोबाडीत झाकले जातात. शिवाय समाजसेवा करणारी मुले इतकी उथळ रंगवली आहेत की त्यांच्या तोंडून मानवी हक्काचा मुद्दा आला की तो आपोआप हास्यास्पद ठरतो. योग्य मुद्दा चुकीच्या तोंडी घालून हरवणे ही जुनी युक्ती आहे आणि पादिल्याने ती इथे वापरली आहे.

शेवटाकडे सूत्रे झपाट्याने आवळली जातात. मातियासने वस्तीतल्या एका कमी दिसणाऱ्या मुलाला चष्मा मिळवून देण्याचे कबूल केलेले असते. त्याच्या जागी तो चष्मा द्यायला नेतो जातो आणि दबा धरून बसलेली बायानोची माणसे त्याला गोळ्या घालतात. मग त्यांना त्याच्या अंगावरचे कवटीचे गोंदण दिसते आणि आपण कोणाला मारले हे कळते. अंत्यविधीत शवपेटीवर ब्राझीलचा ध्वज आहे. नासिमेंतो येतो आणि त्यावर 'बोपे'चा काळा ध्वज पांघरतो.

त्यानंतरची शोधमोहीम हा तपास नसतो, सूड असतो. घरोघरी छळ करत तुकडी बायानोपर्यंत पोहोचते. जखमी बायानो विनवतो की चेहऱ्यावर गोळी मारू नका, अंत्यविधीला तोंड दिसले पाहिजे. नासिमेंतो बंदूक मातियासच्या हाती देतो. कायद्याचा विद्यार्थी, वर्गात पोलिसांची बाजू चाचरत मांडणारा, चष्मा मिळवून देणारा मातियास नळी थेट कॅमेऱ्याकडे रोखतो. बार होतो, पडदा रिकामा होतो. नासिमेंतोला वारस मिळाला.

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर समाजमानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांचे विधान येते. माणूस कसा आहे यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत सापडला आहे यावर त्याचे वागणे ठरते, असा त्याचा आशय. सामान्य माणसे केवळ हुकूम झाला म्हणून दुसऱ्याला विजेचे झटके द्यायला तयार होतात, हे मिल्ग्रॅम यांच्या प्रयोगांत दिसले होते. ते झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. पादिल्याचा दावा असा की 'त्रोपा दे एलीते' हा रिओ शहरात चाललेला तसाच प्रयोग आहे. व्यवस्था बदलली नाही, तर मातियासच्या जागी कोणीही असता तरी त्याचा नासिमेंतोच झाला असता.

मग प्रेक्षकांना प्रयोग न दिसता नायक का दिसला? याचे एक उत्तर संकलनाच्या टेबलावर सापडते. मूळ आराखड्यात गोष्ट मातियासच्या नजरेतून सांगितली जाणार होती. वाग्नर मोउराने साकारलेला नासिमेंतो चित्रीकरणात इतका प्रभावी उतरला, की संकलक डॅनिएल रेझेंदे आणि पटकथाकारांनी निवेदन त्याच्याकडे सोपवले. घटना तशाच राहिल्या, आवाज बदलला. मातियास बोलला असता तर एका भल्या माणसाचा ऱ्हास आपण आतून पाहिला असता. नासिमेंतो बोलतो तेव्हा तोच ऱ्हास म्हणजे यशस्वी प्रशिक्षण ठरते.

निवेदकाला चित्रपटात एक खास सवलत असते. तो थकलेल्या, उपरोधिक, सगळे पाहून चुकलेल्या स्वरात बोलतो आणि आपण त्याच्या कानांनी ऐकू लागतो. आरोपीलाच फिर्याद लिहायला बसवावे, तसे हे झाले. लाचखोर अधिकारी कसे हास्यास्पद आहेत, विद्यार्थी कसे ढोंगी आहेत, हे तो सांगतो आणि पटवतो. पिशवीबद्दल तो स्पष्टीकरण देत बसत नाही, कारण त्याला ते द्यावेसेच वाटत नाही. छायालेखक लूला कार्व्हाल्योचा खांद्यावरचा, धावता कॅमेराही त्याच्याच खांद्याला खांदा लावून डोंगर चढतो. वर राहणारी बाई दार फोडले जाताना आतून काय पाहते, हे पूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. टेहळ्या पोराची आईसुद्धा वस्तीतून खाली उतरून पोलिसांच्या दारात येते तेव्हाच कथेत येते.

हा केवळ कलेचा प्रश्न राहिला नाही, कारण चित्रपट आला त्या वर्षी रिओत खरोखर काय चालले होते ते आकड्यांत नोंदलेले आहे. २७ जून २००७ रोजी, पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धा तोंडावर असताना, कोम्प्लेक्सो दो अलेमांव या फावेलांच्या समूहात पोलिसांनी एका दिवसात १९ जणांना मारले. वर्षभरात रिओ राज्यात पोलिसांच्या हातून १,३३० माणसे मेली. नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन पाहणीला आले. रिओचे कामावरचे पोलीस दिवसाला सरासरी तीन माणसे मारतात, असे त्यांनी पुढल्या वर्षीच्या अहवालात नोंदवले.

या मृत्यूंची नोंद 'आउतो दे हेझिस्तेन्सिया' या सदराखाली होत असे. म्हणजे अटकेला प्रतिकार केल्यामुळे झालेला मृत्यू. एकदा हे सदर लागले की मेलेला माणूस आरोपी ठरतो आणि मारणारा साक्षीदार, मग तपासाला कोणी फारसा हात लावत नाही. मुंबईच्या वाचकाला हा साचा ओळखीचा वाटेल. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ जण मारले गेले. त्यावरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, प्रत्येक चकमकीची नोंद आणि स्वतंत्र तपास कसा व्हावा याचे नियम घालून दिले. नासिमेंतोच्या कथेचे सालही १९९७ आहे, हा योगायोग.

पुढे रिओत 'शांतता पथके' फावेलात कायमची ठेवण्याचा प्रयोग झाला आणि २०१३ साली पोलिसांच्या हातून झालेले मृत्यू ४१६ वर आले. पैसा आटला, प्रयोग ढासळला आणि २०१९ साली हा आकडा १,८१४ झाला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी अलेमांव आणि शेजारच्या पेन्या भागात लाल फौजेविरुद्ध केलेल्या एका कारवाईत १२० हून अधिक माणसे मेली, त्यांत काही पोलीसही होते. 'बोपे'ने जंगलाच्या बाजूने कडे केले होते. दुसऱ्या दिवशी रहिवाशांनी झाडीतून प्रेते काढून चौकात ओळीने मांडली. त्यानंतरच्या जनमत चाचण्यांत रिओच्या बहुसंख्य लोकांनी कारवाईला पाठिंबा दिला.

हा पाठिंबा चित्रपटाने निर्माण केला असे म्हणणे बालिश ठरेल. तो आधीपासून होता. रोज टोळीच्या परवानगीने घरी जावे लागणाऱ्या माणसाला 'काहीतरी करा' असे वाटणे स्वाभाविक आहे आणि असे म्हणणाऱ्यांत फावेलातले लोकही असतात. चित्रपटाने त्या भावनेला एक चेहरा आणि एक आवाज दिला. पादिल्याने आरसा धरला हे खरे, पण आरशाचा कोन नासिमेंतोच्या उंचीला लावला होता.

पादिल्याला हे जाणवले असावे, कारण २०१० साली त्याने दुसरा भाग काढला आणि त्याचे उपशीर्षक ठेवले 'शत्रू आता वेगळा आहे'. या वेळी प्रत फुटू नये म्हणून कडेकोट बंदोबस्त होता. चित्रपटगृहांत एक कोटी दहा लाखांवर तिकिटे विकली गेली आणि १९७६ सालच्या 'दोना फ्लोर' या चित्रपटाचा जुना विक्रम मोडला. आता नासिमेंतो सुरक्षा खात्यात मोठ्या पदावर आहे. तो 'बोपे'ला बळ देतो, टोळ्यांना वस्त्यांतून हुसकावतो आणि समजतो की आपण जिंकलो.

रिकाम्या झालेल्या वस्त्यांत मग 'मिलिशिया' शिरते. हा पोलीस, माजी पोलीस आणि अग्निशमन दलातल्या माणसांचा गट. अमली पदार्थ विकण्यापेक्षा त्यांना स्वयंपाकाचा गॅस, चोरटी केबल, खासगी व्हॅन आणि 'संरक्षण' यांचा मक्ता अधिक फायद्याचा वाटतो. मतेही तेच गोळा करून देतात. नासिमेंतोने घाम गाळून त्यांच्यासाठी बाजार मोकळा करून दिलेला असतो. पहिल्या भागात ज्याची टिंगल झाली असती असा मानवी हक्कवाला फ्रागा इथे सर्वांत शहाणा माणूस ठरतो. हे पात्र मार्सेलो फ्रेशो या तत्कालीन आमदारावर बेतले आहे. २००८ साली रिओच्या विधानसभेत मिलिशियाची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांची सहकारी मारिएल्ली फ्रांको हिची १४ मार्च २०१८ रोजी गोळ्या घालून हत्या झाली आणि मारेकरी म्हणून दोन माजी लष्करी पोलिसांना शिक्षा झाली.

दोन्ही भाग एकत्र पाहिले तर पादिल्याला फॅसिस्ट म्हणणे अन्यायाचे होईल. छळ कुठे चालतो, कोणाच्या हुकुमाने चालतो आणि त्याने काय साध्य होत नाही, हे त्याने ब्राझीलच्या मुख्य प्रवाहातल्या प्रेक्षकाला दाखवले. तेही सभ्य माहितीपटाच्या मूठभर प्रेक्षकाला नव्हे, पदपथावर डीव्हीडी घेणाऱ्याला. एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

पण चित्रपटातल्या नैतिक धूसरतेबद्दल जी चर्चा झाली ती चुकीच्या जागी झाली असे मला वाटते. पिशवी योग्य की अयोग्य, विद्यार्थी दोषी की निर्दोष, यावर लोक भांडत राहिले. या सगळ्या भांडणाच्या तळाशी एक गोष्ट चित्रपटाने गृहीत धरली होती आणि तिच्याबद्दल कोणतीही धूसरता ठेवली नव्हती. 'बोपे'चा माणूस पैसे खात नाही. तो निर्दय असेल, सूडाने पेटलेला असेल, पण विकाऊ नसेल. प्रशिक्षणाचे ते प्रसिद्ध दीर्घ प्रकरण, ज्यात उमेदवारांना चिखलात लोळवून, शिव्या घालून, जमिनीवर सांडलेले अन्न खायला लावून एकेकाला बाहेर काढले जाते, ते याच गोष्टीचे प्रमाणपत्र म्हणून रचले आहे. भ्रष्ट आहेत ते या चाळणीतून गळतात, उरतात ते स्वच्छ.

प्रेक्षक नासिमेंतोची क्रूरता सहन करतो ती या प्रमाणपत्रावर. हप्तेखोर पोलिसाने पिशवी घातली असती तर त्याच चित्रपटगृहातून संताप उठला असता. दुसऱ्या भागातही हा कणा हलत नाही. तिथे 'बोपे' राजकारण्यांकडून फसवली जाते, वापरली जाते, पण विकली जात नाही. आणि इथे चित्रपट स्वतःच्याच प्रारंभीच्या विधानाला विसरतो. परिस्थितीवर माणसाचे वागणे ठरत असेल, तर ज्याला कोणापुढेही हिशेब द्यावा लागत नाही, ज्याने मारलेला माणूस कागदावर आपोआप गुन्हेगार ठरतो, तो पैशांच्या बाबतीत तेवढा अपवाद का असावा? बाकीच्या पोलीस दलाला लावलेला नियम पादिल्याने काळ्या गणवेशाला लावला नाही.

आद्रियानो दा नोब्रेगा याचे उदाहरण रिओत सर्वांना ठाऊक आहे. तो 'बोपे'चा कॅप्टन होता, तिथले प्रशिक्षण पुरे केलेला. २००५ साली, खुनाच्या आरोपाखाली कैदेत असतानाच, त्याला रिओच्या विधानसभेचे तिरादेन्तेस पदक जाहीर झाले. २०१४ साली तो पोलीस दलातून बडतर्फ झाला. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार, पुढे तो पश्चिम रिओतल्या मिलिशियाचा आणि 'गुन्ह्याचे कार्यालय' नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुपारी घेणाऱ्या टोळीचा म्होरक्या होता. फेब्रुवारी २०२० मध्ये बाईया राज्यात पोलिसांच्या कारवाईत तो मारला गेला आणि त्यानेही पोलिसांवर गोळीबार केला होता, अशी नोंद झाली.